तिघांतला एक काढला तर? एका मेटल बँडकडून ‘कंट्रोल’ शिकताना



पेटचा निकाल लागला की ‘माझा सायनॉप्सिस एकदा बघाल का?’ असे मेसेज यायला लागतात. जमेल तेवढे मी वाचते. विषय माती असो, प्रथिनं असोत नाहीतर बॅटरी, एक वाक्य वेश बदलून परत परत भेटतं: ‘आम्ही अमुक घटक काढून टाकू. परिणाम नाहीसा झाला, तर तो त्या घटकामुळेच होत होता हे सिद्ध होईल.’

वाचायला एकदम बरोबर वाटतं ना? मीही पहिल्या वर्षाच्या प्रगती अहवालात हेच लिहिलं होतं. समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, “तो घटक काढताना आणखी काय काय बदललं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या एका प्रश्नापायी चार महिन्यांचं काम मला पुन्हा करावं लागलं.

आज तोच प्रश्न समजावून सांगायचा प्रयत्न करते, पण उंदीर आणि जनुकं बाजूला ठेवून. उदाहरण आहे एका हेवी मेटल बँडचं. तिघांचा बँड होता, तो फुटला, त्याचे दोन तुकडे वेगवेगळे वाजत राहिले आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा जोडलेही गेले. प्रयोगशाळेत आपण ज्याला नॉकआउट आणि रेस्क्यू म्हणतो, ते इथे कोणी न ठरवता घडलं. मेटल ऐकत नसाल तरी चालेल, मुद्दा कळायला अडचण येणार नाही.

आधी तिघांची ओळख

रॉकमध्ये ‘पॉवर ट्रायो’ म्हणजे एक गिटार, एक बेस आणि एक ड्रम, बस्स. गायक वेगळा नसतो, तिघांपैकीच कोणीतरी गातो. दुसरी गिटार नाही, कीबोर्ड नाही. एकाने हात थांबवला की तिथे भोक पडलेलं लगेच ऐकू येतं. ‘स्टोनर मेटल’ म्हणजे संथ, जड, एकच छोटी सुरावट घोळवत राहणारं मेटल. त्या सुरावटीच्या तुकड्याला रिफ म्हणतात. शैलीचं नाव गांजावरून पडलंय आणि गाण्यांचे विषयही बऱ्याचदा तेच असतात. आपल्याला मात्र इथे आवाजाशीच काम आहे.

आपला बँड म्हणजे ‘स्लीप’. १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये सुरू झाला. सुरुवातीला चौघं होते. १९९१ च्या पहिल्या अल्बमनंतर दुसरा गिटारवाला बँड सोडून ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मठात संन्यासी झाला आणि उरले तिघं: गिटारवर मॅट पाइक, बेस आणि गाण्याला अल सिस्नेरोस, ड्रमवर ख्रिस हाकियस. ‘स्लीप्स होली माउंटन’ या पुढच्या अल्बमने त्यांचं नाव झालं आणि लंडन रेकॉर्ड्स या मोठ्या कंपनीशी करार झाला. त्या कराराच्या जोरावर त्यांनी काय केलं? तासाभरापेक्षा लांब असं एकच गाणं रेकॉर्ड केलं. कंपनीने ते बाजारात आणायला नकार दिला आणि त्या ओढाताणीत बँड फुटला. पुढे गाण्याची ५२ मिनिटांची आवृत्ती १९९९ मध्ये ‘जेरुसलेम’ नावाने आली आणि ६३ मिनिटांची २००३ मध्ये ‘डोपस्मोकर’ नावाने. आज ती या शैलीतली मैलाचा दगड मानली जाते.

जडपणा येतो कुठून?

घटक काढण्याआधी घटक काय करतो ते माहीत हवं. म्हणून थोडं भौतिकशास्त्र.

गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीच्या जुळणीत ८२.४ हर्ट्झवर असते. स्लीप ती ‘सी’ पर्यंत, म्हणजे ६५.४ हर्ट्झपर्यंत उतरवतात. ही पद्धत ब्लॅक सॅबथच्या टोनी आयॉमीकडून आली. बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. ताण कमी व्हावा म्हणून त्याने १९७१ च्या अल्बममध्ये तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. वारंवारिता ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते, त्यामुळे तीच तार तीन अर्धस्वर उतरवली की ताण जवळपास २९ टक्क्यांनी घटतो. गणित स्वतः करून बघा, दोन ओळींचं आहे.

आता दुसरी गोष्ट. मेटलमधली ‘पॉवर कॉर्ड’ म्हणजे षड्ज आणि पंचम एकत्र, वारंवारितांचं प्रमाण २:३. षड्ज ६५.४ वर ठेवला तर पंचम ९८.१ वर येतो. साध्या अँपमधून हे दोन सूर जसेच्या तसे बाहेर पडतील. पण डिस्टॉर्शन असलेला अँप नॉनलिनियर असतो. त्यात दोन सूर मिसळून नवे सूर तयार होतात, आणि त्यातला एक असतो दोघांच्या वजाबाकीचा: ९८.१ उणे ६५.४, म्हणजे ३२.७ हर्ट्झ. हा सूर कोणी वाजवलेलाच नाही. आणि गंमत म्हणजे ‘सी’ ला जुळवलेल्या बेसची सगळ्यात खालची तार नेमकी ३२.७ हर्ट्झवर असते! गिटारचा स्पीकर इतका खालचा सूर ताकदीने फेकू शकत नाही, ते काम बेस करतो. पण रिफ वरच्या पट्टीत सरकली की गिटारमधूनच येणारे हे वजाबाकीचे सूर ऐकू यायला लागतात आणि बेसच्या हद्दीत शिरतात.

थोडक्यात, गिटार आणि बेस यांची कामं एकमेकांवर चढलेली आहेत. एक काढला तर दुसरा त्याची जागा थोडीफार भरून काढू शकतो. जीवशास्त्राच्या मुलांना हे ओळखीचं वाटेल: एक जनुक काढलं आणि काहीच फरक पडला नाही, कारण दुसऱ्याने काम उचललं. अशा वेळी ‘फरक पडला नाही’ याचा अर्थ ‘ते बिनकामाचं होतं’ असा होत नाही.

नॉकआउट

१९९८ मध्ये पाइकने ओकलंडमध्ये ‘हाय ऑन फायर’ सुरू केला. पुन्हा तिघंच: ड्रमवर डेस केन्सेल, बेसवर जॉर्ज राइस, आणि गाणं आता पाइककडे. २००० मध्ये पहिला अल्बम आला. पुढच्या काही वर्षांत हा बँड वेगवान, खरखरीत आणि आक्रमक होत गेला.

दुसरा तुकडा २००३ मध्ये वर आला. सिस्नेरोस आणि हाकियस यांनी ‘ओम’ नावाचा दोघांचाच बँड काढला. फक्त बेस, ड्रम आणि मंत्र म्हटल्यासारखं गाणं, गिटार नाहीच. २००५ च्या पहिल्या अल्बममध्ये तीनच लांबलचक गाणी आहेत, त्यातल्या एकाचं नाव चक्क ‘अन्नपूर्णा’.

मोजमापाचं साधनही काही प्रमाणात सारखं मिळालं. हाय ऑन फायरचा २००५ चा ‘ब्लेस्ड ब्लॅक विंग्ज’ आणि ओमचा २००७ चा ‘पिलग्रिमेज’ हे दोन्ही स्टीव्ह अल्बिनीने रेकॉर्ड केले. समोर जे वाजतंय ते जसंच्या तसं टिपायचं यासाठी तो प्रसिद्ध होता. म्हणजे दोन नमुने, एकच यंत्र.

आता निष्कर्ष काढायचा मोह बघा: ‘आक्रमकता गिटारमध्ये होती, ध्यानस्थ संथपणा बेस आणि ड्रममध्ये. दोन्ही मिळून स्लीप.’ किती नीटनेटकं! सायनॉप्सिसमधल्या त्या वाक्यासारखंच.

“आणखी काय काय बदललं?”

सरांचा प्रश्न इथे विचारू. हाय ऑन फायर म्हणजे ‘स्लीप वजा दोघं’ नाही. ते आहे ‘पाइक अधिक दोन नवी माणसं’. पाइक आता गातोही, म्हणजे त्याचं स्वतःचं काम बदललं. तिकडे ओममध्ये गिटार गेल्यावर बेस पूर्वीच्या जागी राहिला नाही, पुढे सरकून सुरावटीचा भार त्याने घेतला. त्यात मध्ये कित्येक वर्षं गेली. आणि खरा कंट्रोल कोणता असता? न फुटलेला स्लीप, जो त्याच काळात वाजत राहिला असता. तो अस्तित्वातच नाही.

हवेत आवाजांची बेरीज होते, माणसांची होत नाही. शेजारच्याचा ठोका ऐकून वाजवणाऱ्याचा हात बदलतो. घटक एकमेकांना प्रतिसाद देत असतील तर ‘एकूण वजा एक’ हे गणित चालत नाही.

रेस्क्यू

मग काहीच कळणार नाही का? कळतं, पण वेगळ्या तुलनेतून. नॉकआउटनंतर चांगला संशोधक काढलेला घटक परत घालून बघतो: मूळ परिणाम परत येतो का?

२००९ मध्ये स्लीप पुन्हा मंचावर आला. त्यानंतर हाकियसने थांबायचं ठरवलं आणि २०१० पासून ड्रमवर जेसन रोडर आला. एप्रिल २०१८ मध्ये त्यांचा ‘द सायन्सेस’ निघाला: पुन्हा संथ, पुन्हा अवजड. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हाय ऑन फायरचा ‘इलेक्ट्रिक मेसायाह’ आला, तो मात्र धावणारा. त्याचं शीर्षकगीत मोटरहेडच्या लेमीला वाहिलेलं आहे. तोही एका गाजलेल्या त्रिकुटाचा बेसवाला आणि गायक.

एकच गिटारवाला, एकच वर्ष, दोन बँड, दोन गती. या जोडीमुळे ‘वेग पाइकमध्ये आहे’ हा हायपोथिसिस पडतो. वेग तो कोणाबरोबर वाजवतो यावर अवलंबून आहे, गुणधर्म घटकाचा नसून जुळणीचा आहे. लक्षात घ्या, २० वर्षांच्या नॉकआउटने जे सांगितलं नाही ते एका जोडीच्या तुलनेने सांगितलं, कारण इथे माणूस आणि काळ दोन्ही स्थिर होते.

एका वेळी एकच बदल, म्हणजे खरंच एकच?

हाय ऑन फायरची कारकीर्द स्वतःच एक सराव परीक्षा आहे. २००० ते २०१८ गिटार आणि ड्रम तेच. बेस बदलत गेला: पहिल्या दोन अल्बमना राइस, २००५ ला जो प्रेस्टन, २००७ पासून जेफ मॅट्झ. वाटतं की बेसचा परिणाम मोजायला याहून सोपं काय! पण पहिले दोन अल्बम बिली अँडरसनने रेकॉर्ड केले, २००५ चा अल्बिनीने, २००७ चा जॅक एन्डिनोने. बेसवाला बदलला तेव्हा दोन्ही वेळा रेकॉर्ड करणाराही बदलला. ऐकू येणारा फरक बेसचा की मायक्रोफोनमागच्या माणसाचा? या माहितीवरून सांगताच येणार नाही. दोन व्हेरिएबल हातात हात घालून बदलले की त्यांना वेगळं करता येत नाही, यालाच कन्फाउंडिंग म्हणतात.

मग आणखी चांगली तुलना शोधू. २०१९ मध्ये केन्सेल बाहेर पडला, २०२१ मध्ये कोडी विलिस आला, २०२४ मध्ये ‘कमेथ द स्टॉर्म’ निघाला. गिटार तीच, बेस तोच, रेकॉर्ड करणारा कर्ट बलू २०१८ लाही होता आणि २०२४ लाही. फक्त ड्रम बदलला! यापेक्षा स्वच्छ प्रयोग मिळणं कठीण.

आणि तरीही गडबड आहे. मधल्या काळात मॅट्झने तुर्की लोकसंगीताचा अभ्यास केला, बाग्लामा हे तंतुवाद्य शिकला आणि ते या अल्बमवर वाजतंही. आपण ‘स्थिर’ म्हणून खूण केलेला घटक आतून बदललेला होता. प्रयोगशाळेतही हेच होतं. बाटलीवरचं लेबल तेच असतं, आतलं रसायन सहा महिने जुनं झालेलं असतं. नाव स्थिर आहे म्हणजे वस्तू स्थिर आहे असं धरू नका.

ग्रॅमीची गोष्ट

फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘इलेक्ट्रिक मेसायाह’ला सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. कंपनीने नाकारलेला माणूस २० वर्षांनी ग्रॅमी घेतो! पेपर रिजेक्ट झालेल्या दिवशी कोणीतरी तुम्हाला अशीच गोष्ट ऐकवेल. त्या दिवशी तिचा आधार वाटेल, जरूर घ्या. पुरावा म्हणून मात्र वापरू नका. ज्या टेप कपाटातच राहिल्या, ज्यांचे बँड फुटले आणि कोणाचंच पुढे काही झालं नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, म्हणून ती मोजणीत येत नाहीत. छेद माहीत नसताना अंशावरून टक्केवारी काढता येत नाही. नकार मिळाला म्हणून काम मोठं ठरत नाही, तसं ते छोटंही ठरत नाही. नकार एवढंच सांगतो की ते त्या दिवशी, त्या दारात बसलं नाही.

आणि आपल्याकडे?

हे सगळं ऐकवल्यावर परळच्या एका मित्राने विचारलं, “मग गिरगाव-दादरमधून असं त्रिकूट का नाही निघालं?” प्रश्न छान आहे, पण सायनॉप्सिसमध्ये असा लिहू नका, कारण त्यात उत्तर आधीच गृहीत धरलंय. ‘मला माहीत नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक असतो. मुंबईत डेमॉनिक रेझरेक्शन २००० पासून मेटल वाजवतोय. बंगळूरूच्या ‘शेपर्ड’ या त्रिकुटाने २०१५ मध्ये याच जातकुळीचा अल्बम काढला.

प्रश्न असा फिरवून बघा: ‘इतका मोठा, इतका खालचा आवाज वाजवायला या भागात जागा कुठे होती आणि ती कधी बदलली?’ आता शोधता येईल. १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात सुरू झाला, उघड्या नाट्यगृहात. शेजारी कॉलेज, जवळच रुग्णालयं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतीचं १०० मीटरपर्यंतचं शांतता क्षेत्र, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. साधं बोलणंच साधारण ६० डेसिबलचं असतं. रंगभवनातलं रॉक थांबलं. वॉर्डातल्या पेशंटच्या बाजूने बघितलं तर ते योग्यही होतं. पुढे २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग सुरू झाला, तोही २०१६ मध्ये बंद झाला. म्हणजे जागा हाही एक व्हेरिएबल आहे, आणि तो बँडच्या हातात नसतो.

इथे मोजण्याच्या पट्टीकडेही बघा. या मर्यादा ‘ए’ भारित डेसिबलमध्ये असतात. कानाला खालचे सूर कमी जाणवतात, म्हणून ही पट्टी ६३ हर्ट्झच्या आसपासचा आवाज सुमारे २६ डेसिबलने कमी धरते. आगमनाच्या दिवशी लालबागच्या चाळीत बसलेल्याला बेंजोची धून कळण्याआधी ढोलाची धडधड पोचते, कारण खालचे सूर इमारतींना वळसा घालून, भिंतींतून आत येतात. खिडकीचं तावदान हलवणारी ती धडधड मीटरवर मात्र बरीच छोटी दिसते. काय मोजायचं हे ठरवलं की काय दिसणार नाही, तेही ठरतं.

तुमच्या सायनॉप्सिससाठी

‘घटक काढू आणि बघू’ असं लिहिलं असेल, तर त्याखाली चार ओळी वाढवा:

१. तो काढताना आणखी काय बदलेल, आणि ते मी कसं तपासणार?
२. दुसरा कोणता घटक त्याचं काम उचलू शकतो?
३. तो परत घातल्यावर परिणाम परत येतो का, हे बघायची सोय आहे का?
४. जे मी स्थिर धरलंय, ते खरंच स्थिर आहे की फक्त त्याचं नाव तेच आहे?

चौघांपैकी एखाद्याचं उत्तर ‘माहीत नाही’ असेल तर तसंच लिहा, आणि कधी, कसं कळेल तेही लिहा. मुलाखतीत त्यावर प्रश्न येईल, पण तो तुम्ही आधीच स्वतःला विचारलेला असेल. माझे चार महिने तेवढ्यानेच वाचले असते.

सरावासाठी आज रात्री हेडफोन लावून २०१८ चे ते दोन अल्बम लागोपाठ ऐका. गिटारवाला एकच आहे हे लक्षात ठेवून.